हवा काढली, कारण राहिलं

ब्रेकचं पेडल मऊ लागतं म्हणून आलेल्या गाडीवर आपल्याकडे एक ठरलेला इलाज होतो. निपल उघडायचे, एअर काढायची, ऑइलची टाकी भरायची आणि गाडी धाडून द्यायची. पेडल घट्ट होतं, गिऱ्हाईक खूश होतं आणि काही दिवसांनी तीच गाडी तीच तक्रार घेऊन येते. नशीब बरं असेल तर गॅरेजच्या दारात थांबते, नाहीतर घाटात.

ब्रेकची लाइन बंद असते. तिच्यात हवा आपोआप शिरत नाही. आधीच्या कामात लाइन उघडून एअर अर्धवट काढली असेल, तर कारण तिथेच सापडलं. कुणी हातच लावला नसेल, तर शोध घेतल्याशिवाय पाना उचलू नये.

त्यासाठी पाच मिनिटं पुरतात. पेडल सारख्या जोराने दाबून धरा. ते हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठेच गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरचे कप गेलेत. दोन-तीनदा पंप केल्यावर पेडल वर येऊन टणक लागत असेल, तर मागच्या ड्रममध्ये लायनर झिजलेत किंवा ॲडजस्टर जाम झालाय. वर येऊनही स्पंजसारखं दबत असेल, तर हवा आहे. जोडीदाराला पेडल दाबायला सांगून होज पाइप फुगतात का, तेही पाहा. दाबून धरलेलं पेडल इंजिन सुरू होताच किंचित खाली गेलं, तर मात्र तो दोष नाही. बूस्टर काम करतोय.

उतारावर मऊ होणारं आणि गाडी थंड झाल्यावर सुधारणारं पेडल सर्वांत फसवं. तिथे ऑइल उकळलेलं असतं. नवं डॉट 3 किमान 205 अंश सेल्सिअस सोसतं, 3.7 टक्के पाणी शोषल्यावर ही मर्यादा 140 अंशांवर येते. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155. ऑइल दबत नाही, त्याची वाफ दबते. कोकणच्या दमट हवेत राहून आंबोली किंवा कुंभार्ली उतरणाऱ्या गाडीचं ऑइल किलोमीटर कमी झाले म्हणून जुनं ठेवू नका. अनेक कंपन्या ते दोन वर्षांनी बदलायला सांगतात.

एअर काढतानाही जपावं. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबलं की कप सिलिंडरच्या गंजलेल्या भागावरून घासतात आणि फाटतात. कॅलिपर डावे-उजवे बदलले गेले तर निपल खाली येतो आणि हवा वरच अडकते. एबीएसच्या युनिटमध्ये हवा गेली असेल, तर अनेक गाड्यांत स्कॅनरशिवाय ती निघत नाही. चाकांचा क्रम कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे ठेवा. बाटलीत काढलेलं ऑइल पुन्हा टाकीत ओतू नका आणि इंजिन ऑइलचा थेंबही तिथे जाऊ देऊ नका. रबर फुगून सगळी लाइन निकामी होते.

पेडल तळाला जातंय असा फोन आला, तर ‘हळूहळू घेऊन या’ म्हणू नका. गाडी टो करून आणा. जॉब कार्डवर ‘एअर काढली’ एवढंच न लिहिता पेडल कशामुळे मऊ झालं होतं, ते लिहा. ती जागा कोरी असेल, तर गाडीची किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात देऊ नका.