मॅकनेअरचा फोटो नको, त्याची लायब्ररी हवी

अंतराळवीरांच्या प्रेरणादायी पोस्ट आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सतत फिरत असतात. रोनाल्ड मॅकनेअर या कृष्णवर्णीय अमेरिकन अंतराळवीराची गोष्टही तशीच सांगितली जाते : गरीब घरातला मुलगा, जिद्द धरली, अवकाशात पोहोचला. आमचे म्हणणे असे की ही गोष्ट अर्धी आहे, आणि अर्धी गोष्ट नेहमी प्रस्थापितांच्या सोयीची असते. सगळे जिद्दीनेच मिळत असेल, तर ज्याला मिळाले नाही त्याची जिद्द कमी पडली असा हिशेब आपोआप निघतो. मग आरक्षण कशाला, शिष्यवृत्ती कशाला, अभ्यासिका कशाला? म्हणून ही गोष्ट आपण पूर्ण वाचली पाहिजे.

मॅकनेअरचा जन्म २१ ऑक्टोबर १९५० रोजी साउथ कॅरोलिना राज्यातल्या लेक सिटी या छोट्या गावात झाला. आई पर्ल शिक्षिका, वडील कार्ल गाड्यांचे मेकॅनिक. वर्णभेदाचा तो काळ. १९५९ साली नऊ वर्षांचा रोनाल्ड गावातल्या सार्वजनिक वाचनालयात गेला आणि विज्ञानाची पुस्तके घरी न्यायला मागितली. कृष्णवर्णीयांना पुस्तके मिळणार नाहीत, असे ग्रंथपाल बाईंनी सांगितले. तो हलला नाही. काउंटरवर चढून बसला. बाईंनी पोलीस बोलावले. पोलीस आले, आई आली. शेवटी तो पुस्तके घेऊनच बाहेर पडला. त्याचे थोरले बंधू कार्ल यांनी ही हकिकत पुढे अनेकदा सांगितली.

ही हकिकत वाचताना आंबेडकरी माणसाला महाड आठवल्याशिवाय राहणार नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण पाणी मात्र २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारोंना सोबत घेऊन ओंजळीत घेतले, तेव्हाच ‘सार्वजनिक’ या शब्दाला अर्थ आला. तळे असो की वाचनालय, पाटीवर ‘सार्वजनिक’ लिहिल्याने ते सर्वांचे होत नाही. त्यावर हक्क बजावावा लागतो.

पण मॅकनेअर काही एका दिवसाच्या धाडसावर अंतराळवीर झाला नाही. १९६७ साली तो ग्रीन्सबरो इथल्या नॉर्थ कॅरोलिना ए अँड टी विद्यापीठात गेला. राज्यातले गोऱ्यांचे कॉलेज कृष्णवर्णीयांना घेत नव्हते, म्हणून १८९१ साली त्यांच्यासाठी ही वेगळी संस्था निघाली. १ फेब्रुवारी १९६० रोजी याच संस्थेचे चार विद्यार्थी वूलवर्थच्या ‘फक्त गोऱ्यांसाठी’ असलेल्या काउंटरवर जाऊन बसले आणि त्यातून साऱ्या दक्षिणेत आंदोलन पेटले. अशा ठिकाणी मॅकनेअर भौतिकशास्त्र शिकला. पदवी १९७१ ची. पुढे एमआयटीतून १९७६ मध्ये लेसर भौतिकशास्त्रात पीएच.डी. वंचितांच्या हक्काची संस्था काय करू शकते, हे आम्हाला नवे नाही. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ मध्ये सिद्धार्थ आणि १९५० मध्ये, म्हणजे मॅकनेअरच्या जन्मसालीच, औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभे केले. मिलिंदमधून किती लेखक, प्राध्यापक आणि कार्यकर्ते घडले हे वेगळे सांगायला नको.

आता ‘गुणवत्ते’चा मुद्दा. नासाने १९५९ साली पहिले सात अंतराळवीर निवडले. सातही गोरे पुरुष. अट होती लष्करी जेट टेस्ट पायलट असण्याची. ज्या प्रशिक्षणात कृष्णवर्णीयांना जवळपास शिरकावच नव्हता, ते प्रशिक्षण हीच गुणवत्ता ठरली. एड ड्वाइट हा कृष्णवर्णीय वैमानिक साठच्या दशकात प्रशिक्षण घेऊनही निवडला गेला नाही. अवकाशाच्या उंबरठ्यावर तो पोहोचला २०२४ साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, खासगी कंपनीच्या यानातून. मधल्या काळात काय बदलले? नागरी हक्कांची चळवळ झाली, समान संधीचे कायदे आले, शटलसाठी शास्त्रज्ञ हवे होते म्हणून अटी बदलल्या, आणि नासाला उमेदवार शोधायला समाजात जावे लागले. त्या प्रचारासाठी निशेल निकोल्स ही कृष्णवर्णीय अभिनेत्री देशभर फिरली. १९७८ च्या ३५ जणांच्या तुकडीत सहा स्त्रिया आणि तीन कृष्णवर्णीय होते : गाय ब्लूफोर्ड, फ्रेड ग्रेगरी आणि मॅकनेअर. या समाजात हुशारी १९७८ साली अचानक जन्मली का? हुशारी होतीच. दार १९७८ साली उघडले.

फेब्रुवारी १९८४ मध्ये मॅकनेअर चॅलेंजर यानातून अवकाशात गेला. ब्लूफोर्डनंतरचा तो दुसरा कृष्णवर्णीय अमेरिकन. यानाचा यांत्रिक हात तो चालवत होता आणि त्या हाताच्या टोकावर उभा असलेला सहकारी उघड्या अवकाशात काम करत होता. ज्याच्या हाती पुस्तक द्यायला नकार दिला गेला, त्याच्या हाती आता सहकाऱ्याचा जीव सोपवलेला होता.

आमच्यातले काही मित्र विचारतील, ‘इथे आपली माणसे गटारात गुदमरून मरतात आणि तुम्हाला अवकाशाचे कौतुक?’ प्रश्न रास्त आहे, आणि तो अमेरिकेतही विचारला गेला. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ उडण्याच्या आदल्या दिवशी मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी राल्फ अॅबरनॅथी गरीब कुटुंबे आणि खेचरांच्या गाड्या घेऊन प्रक्षेपण केंद्रावर धडकले होते. आमचे उत्तर असे : गटारातून माणूस बाहेर काढणे आणि प्रयोगशाळेत माणूस पोहोचवणे ही एकच लढाई आहे. एकासाठी दुसरे सोडले, तर दोन्ही ठिकाणच्या जागा जातीने ठरवल्यानुसारच राहतील.

२८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटले. सातही जण गेले. मॅकनेअर ३५ वर्षांचा होता. कडाक्याच्या थंडीत रॉकेटच्या सांध्यातले रबरी कडे निकामी होईल, असा इशारा कंत्राटदार कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्या रात्रीच दिला होता. वरच्यांनी तो ऐकला नाही. संरक्षक साधनांशिवाय माणसाला मॅनहोलमध्ये उतरवणाऱ्या मुकादमालाही धोका ठाऊक असतो. धोका ठाऊक असूनही दुसऱ्याचा जीव पणाला लावणे ही सत्तेची सवय सगळीकडे सारखीच.

त्याच्या मृत्यूनंतर अमेरिकेने केवळ पुतळे उभारले नाहीत. त्याच्या नावाने सरकारी योजना सुरू केली. घरातली पहिली शिकणारी पिढी, गरीब आणि वंचित समूहांतले विद्यार्थी पीएच.डी.पर्यंत पोहोचावेत म्हणून ती दीडशेहून अधिक उच्च शिक्षण संस्थांत राबवली गेली. लेक सिटीतले ते वाचनालय आज त्याच्याच नावाचे स्मारक-संग्रहालय आहे.

आणि आपल्याकडे? बार्टीच्या २०२१ च्या अधिछात्रवृत्तीसाठी ८६१ संशोधक विद्यार्थ्यांना आझाद मैदानात ठिय्या द्यावा लागला. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून २०२२ साली भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. म्हणजे १९१६ साली कोलंबियात जातिव्यवस्थेवर निबंध वाचणाऱ्या भीमरावांना या नियमाने पैसे मिळाले नसते!

कुळगाव-बदलापूरपासून अंबरनाथ, उल्हासनगरपर्यंतच्या वस्त्यांत दहा बाय दहाच्या खोलीत चार-पाच माणसे राहतात. घरात टीव्ही चालू, बाहेर डीजे, आणि कॉलेजला जायचे तर लोकलची धक्काबुक्की. इथल्या मुलीला ‘स्वप्न बघ’ म्हणून सांगण्याआधी तिला टेबल, खुर्ची, दिवा आणि पुस्तक द्या. म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. दोन्ही नगरपरिषदा आणि उल्हासनगर महानगरपालिकेने वस्तीला लागून, रात्री उशिरापर्यंत उघड्या राहणाऱ्या मोफत अभ्यासिका चालवाव्यात. त्यात मुलींसाठी सुरक्षित जागा असावी, विज्ञानाची मराठी-इंग्रजी पुस्तके असावीत. शिष्यवृत्तीची रक्कम वर्ष संपायच्या आत खात्यावर यावी.

आणि सरकारकडे बोट दाखवताना स्वतःकडेही बघू. जयंतीच्या वर्गणीतला ठरावीक वाटा प्रत्येक मंडळाने अभ्यासिकेसाठी बाजूला काढावा. विहाराचे दार वंदनेनंतर कुलूपबंद होऊ नये. तिथे संध्याकाळी मुले अभ्यासाला बसली तर ती बाबासाहेबांना खरी मानवंदना ठरेल. मॅकनेअर काउंटरवर एकटा बसला होता. आपण संघटित आहोत. नगरपरिषदेच्या दारात निवेदन घेऊन जाऊ आणि अभ्यासिकेच्या किल्ल्या मिळेपर्यंत उठणार नाही, एवढे तरी ठरवू.

जय भीम!