चहा ताटापासून दूर ठेवू या

आपल्या वस्त्यांत सकाळ चहा-खारीवर निघते आणि जेवून हात धुतले की पुन्हा चहा होतो. चहावर आमचा राग नाही. चार घरची धुणीभांडी करून आलेल्या बाईला तो घोटच उभे करतो. पण जेवणाला लागून घेतलेला चहा भाजी-डाळीतले लोह पुरते अंगी लागू देत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळले. दोष एकट्या चहाचा नव्हे. तरी मध्ये तासाभराचे अंतर ठेवायला पैसा लागत नाही. ताटात लिंबू पिळले तर लोह अधिक लागते. उन्हाळ्यात लिंबू परवडत नाही, तेव्हा कच्चा टोमॅटो चालेल.

बाजरीची भाकरी, तांदुळजा, शेवग्याचा पाला ही गरिबाची खाणी म्हणून आपण मागे टाकली आणि मुलांच्या हाती पाच रुपयांची पाकिटे दिली. हा सौदा आम्हाला तोट्याचा वाटतो.

आणि एक बोलायलाच हवे. रविवारी कलेजी येते, तिच्यात लोह भरपूर. पण रांधणारीच्या ताटात शेवटी रस्सा उरतो. विहारात समतेवर बोलणाऱ्या घरांतही हेच चालते. सगळ्यांनी एकत्र बसून जेवावे.

थकवा, धाप लागत असेल तर सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या तेथे मोफत मिळतात. गोळीसुद्धा चहाबरोबर घेऊ नका.