तेरा दिवसांचे युद्ध, अर्धशतकाचा हिशेब

दरवर्षी ७ डिसेंबर रोजी शाळांतून आणि सरकारी कचेऱ्यांतून कागदाचे छोटे ध्वज वाटले जातात. १९४९ पासून पाळल्या जाणाऱ्या या सशस्त्र सेना ध्वजदिनी विद्यार्थी घरून आणलेली नाणी शिक्षकांच्या हाती देतात, कारकून मंडळी यथाशक्ती वर्गणी देतात आणि जिल्ह्याला ठरवून दिलेला निधीचा इष्टांक पुरा होतो किंवा होत नाही. संध्याकाळी खिशावरचा ध्वज निघतो आणि विषय वर्षभरापुरता मिटतो. ज्यांच्यासाठी हा निधी गोळा होतो, त्यांचा विषय मात्र असा एका दिवसात मिटणारा नसतो.

१९७१ चे भारत-पाकिस्तान युद्ध ३ डिसेंबरला सुरू झाले आणि १६ डिसेंबरला ढाक्यातील शरणागतीने संपले. इतक्या अल्पावधीत इतका निर्णायक विजय जगाच्या इतिहासात क्वचितच कोणाला मिळाला असेल. त्याचा अभिमान बाळगणे योग्यच आहे. परंतु युद्ध तेरा दिवसांत संपले हे विधान लष्करी इतिहासापुरतेच खरे आहे. त्या युद्धात ३,८०० हून अधिक भारतीय जवान कामी आले आणि त्याच्या दुपटीहून अधिक जखमी झाले. जखमींपैकी जो तेव्हा विशीत होता तो आज पंचाहत्तरीच्या घरात आहे, आणि त्याच्या देहावर ते युद्ध अजून चालू आहे.

पुण्याजवळच्या खडकीला हे सत्य फार आधीपासून ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या सैनिकांना हाताला काही काम मिळावे म्हणून १९१७ मध्ये क्वीन मेरी तांत्रिक संस्था सुरू झाली, ती पुढे खडकीत स्थिरावली. मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखालचे शरीर लुळे पडलेल्या सैनिकांसाठी १९७४ मध्ये तेथेच पुनर्वसन केंद्र उभे राहिले. अशा जखमीला गोळी लागते ती एकदाच. पण शय्याव्रण, मूत्रमार्गाचे विकार आणि परावलंबन यांच्याशी त्याला रोज लढावे लागते. इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जायबंदी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले. शासनाने त्यांना पद्मश्री दिली ती २०१८ मध्ये. देशाला पहिले सुवर्णपदक मिळवून देणाऱ्याची ओळख पटण्यास शेहेचाळीस वर्षे लागत असतील, तर ज्याच्या गळ्यात कोणतेच पदक नाही अशा अपंग जवानाची वाट किती लांब असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

ती वाट बहुधा कचेऱ्यांतून आणि न्यायालयांतून जाते. भरती होताना धडधाकट असलेला जवान सेवेत अपंग झाला, तर त्याचे अपंगत्व सेवेमुळेच आले असे गृहीत धरावे आणि ते तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची असावी, असा स्पष्ट निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. त्यानंतरही अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाविरुद्ध सरकारी अपिले चालूच राहिली. शासनाने तिजोरीचे रक्षण करावे हे खरे. पण वृद्ध सैनिकाला चाकाच्या खुर्चीतून सुनावणीस यायला लावून जी बचत होते, तिला काटकसर म्हणता येणार नाही.

डोळ्यांना न दिसणाऱ्या जखमांची स्थिती याहून बिकट आहे. व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांनी पाठपुरावा केला, तेव्हा कोठे १९८० मध्ये युद्धाच्या आघाताने जडणाऱ्या मनोविकाराला अमेरिकेच्या वैद्यकशास्त्राने स्वतंत्र नाव दिले. आपल्या खेड्यापाड्यांत त्याला नावच नव्हते. रात्री दचकून उठणारा, फटाक्यांच्या आवाजाने अस्वस्थ होणारा, दिवसेंदिवस कोणाशी न बोलणारा माणूस ‘पलटणीतून आल्यापासून असाच आहे’ एवढ्यावर सोडून दिला गेला. त्याच्या संतापाचा किंवा व्यसनाचा भार पत्नीने सोसला, मुले त्याला भिऊन वाढली, आणि हा युद्धाचाच खर्च आहे हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

युद्धाचे सर्वांत क्रूर देणे मात्र बेपत्ता सैनिकांच्या कुटुंबांच्या वाट्याला आले. १९७१ च्या युद्धातील ५४ भारतीय सैनिक व अधिकारी पाकिस्तानच्या ताब्यात राहिले असा भारताचा विश्वास आहे. पाकिस्तानने ते कधीही मान्य केले नाही. हवाई दलाचे फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे त्यांतील एक. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. विवाहाला दोन वर्षेही झाली नव्हती. कैद झालेल्या वैमानिकांच्या तेव्हाच्या एका बातमीत तांबे यांच्याशी जुळणारे नाव आले होते, आणि तेवढ्या धाग्यावर पुढचे अर्धशतक तोलले गेले. २००७ मध्ये नातेवाइकांचे एक पथक पाकिस्तानातील तुरुंग पाहून आले. हाती काही लागले नाही. मृत्यूला श्राद्ध असते, सुतक असते आणि सुतकाला शेवट असतो. बेपत्ता माणसाच्या घरी यांपैकी काहीच नसते. कुंकू लावावे की पुसावे, हा प्रश्नसुद्धा अशा घरातील स्त्रीला दुसऱ्या कोणालातरी विचारावा लागत होता.

ज्यांचा पती गेल्याचे निश्चित होते त्यांनाही शासनाने मोकळे सोडले नाही. शौर्यपदकाबरोबर मिळणारा भत्ता वीरपत्नीने पुनर्विवाह केल्यास बंद होत असे; अपवाद एकच, तिने दिराशी लग्न केले तर! ही अट नोव्हेंबर २०१७ मध्ये रद्द झाली. देशासाठी पती गमावलेल्या स्त्रीने पुढचा संसार कोणाबरोबर करावा हे सरकारी परिपत्रक ठरवीत होते, आणि त्यात कोणाला फारसे वावगे वाटत नव्हते.

सीमेपलीकडे पाहिले तर हाच हिशेब अधिक विदारक दिसतो. १९७१ मध्ये सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्यांच्या साहाय्यासाठी टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावले जात असे, हे जुन्या पिढीला आठवत असेल. पुढल्या वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांत बहुतेक निर्वासित परतले, आणि १९७३ च्या मार्चअखेर ते तिकीटही बंद झाले. पण परतलेल्यांना जळालेली घरे आणि विस्कटलेली कुटुंबे मिळाली. पाकिस्तानी सैन्याच्या अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रियांना शेख मुजीबुर रहमान यांनी ‘वीरांगना’ म्हटले. त्यांपैकी अनेकींना त्यांच्याच घरच्यांनी आत घेतले नाही. मुक्तियोद्धा म्हणून त्यांना अधिकृत मान्यता मिळू लागली ती २०१५ मध्ये. पराभूत पक्षाचे मानले गेलेले उर्दूभाषक बिहारी तर ढाक्याच्या जिनिव्हा कॅम्पसारख्या छावण्यांत दोन्ही देशांना नकोसे होऊन राहिले. तेथील उच्च न्यायालयाने २००८ मध्ये त्यांच्या नागरिकत्वावर शिक्कामोर्तब केले, तोपर्यंत छावणीत जन्मलेल्यांना छावणीतच मुले झाली होती. युद्धाच्या वेळी जन्मलासुद्धा नव्हता अशाने त्या युद्धाची शिक्षा भोगावी, यापरता अन्याय कोणता?

येथे एक आक्षेप घेतला जाईल. अशा गोष्टी सतत उगाळल्याने सैन्याचे मनोधैर्य खचते आणि राष्ट्राची जिद्द मावळते, असे म्हणणारे लोक आहेत. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. आपण जायबंदी झालो तर कुटुंबाला दारोदार हिंडावे लागणार नाही, ही खात्री जवानाला जितके बळ देते तितके कोणतेही समरगीत देऊ शकत नाही. आणि युद्ध किती वर्षे चालते हे ज्या समाजाला ठाऊक असते, तो युद्धाची भाषा उथळपणे बोलत नाही. सीमेवर तणाव वाढताच चौकाचौकांतून रणगर्जना करणाऱ्यांना खडकीच्या त्या केंद्रातील एक दुपार पुष्कळ काही शिकवून जाईल.

करण्याजोगे उपाय अशक्य कोटीतील नाहीत. अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाचे निकाल सैनिकाच्या बाजूने लागल्यावर त्यांवर सरसकट अपिले करणे शासनाने थांबवावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी वृद्ध माजी सैनिक आणि वीरपत्नी अर्ज घेऊन येण्याची वाट न पाहता त्यांच्या दारी जावे, आणि या भेटींत मनाच्या आजाराचीही विचारपूस व्हावी. बेपत्ता सैनिकांचा प्रश्न पाकिस्तानशी होणाऱ्या प्रत्येक बोलण्याच्या विषयपत्रिकेवर राहावा. त्यांचे वाट पाहणारे नातलग एकेक करून काळाच्या पडद्याआड जात आहेत, म्हणून तो आपोआप सुटेल असे मानणे निर्दयपणाचे ठरेल.

शाळांनाही यात वाटा आहे. ध्वजदिनी पैसे गोळा करणाऱ्या विद्यार्थ्यांनी गावातील एखाद्या माजी सैनिकाच्या घरी जाऊन तास-दोन तास बसावे. त्याच्या निवृत्तिवेतनाचा कागद अडला असेल तर तो वाचून देणारा शिक्षक आणि योग्य टेबलापर्यंत नेणारा कारकून प्रत्येक गावात मिळू शकतो. वर्गणीच्या पावतीपेक्षा या कामाचे मोल अधिक आहे, आणि त्याला कोणत्याही इष्टांकाची गरज नाही.