गवयानें फक्त गावें काय?

गवयानें गावें, राजकारणांत पडूं नये, हा उपदेश करणारा स्वतः मात्र राजकारणच करीत असतो. २००३ च्या मार्च महिन्यांत, इराकवरील स्वारीच्या तोंडावर, ‘डिक्सी चिक्स’ या अमेरिकन गायिकात्रयींतील नॅटली मेन्स हिनें लंडनच्या रंगमंचावरून म्हटलें कीं, आपला राष्ट्राध्यक्ष टेक्सासचा असल्याची आम्हांला लाज वाटते. त्यावर ज्या श्रोत्यांनीं या गायिकांच्या तबकड्या फोडल्या, त्यांच्याविषयीं आमची तक्रार नाहीं. स्वतःच्या पैशानें घेतलेली वस्तु फोडण्यास ते मुखत्यार आहेत. तक्रार आहे ती ‘क्युम्युलस’ कंपनीविषयीं. तिनें आपल्या ४० हून अधिक नभोवाणी-केंद्रांवरून ३० दिवस त्यांचीं गाणीं बंद ठेविलीं आणि बोट दाखविलें श्रोत्यांच्या संतापाकडे! ज्याला गाणें नको, तो आपल्या रेडिओचा कान पिळील. पण एकच मालक शेंकडों गांवांच्या रेडिओंचे कान एकदम पिळूं लागला, तर त्यास लोकरुचि कसें म्हणावें? तो हुकूमच होय. २००७ सालीं याच गायिकांना ५ ग्रॅमी पारितोषिकें मिळालीं, म्हणून न्याय झाला असें कोणी समजूं नये. त्यांच्यापाशीं कीर्ति होती, म्हणून त्या तरल्या. हा प्रकार पाहून ज्या अप्रसिद्ध गायकांनीं आपले ओठ शिवून घेतले असतील, त्यांची नोंद कोणत्या पारितोषिकांत सांपडणार?