समीकरणाचे शुद्धलेखन

मराठीच्या प्राध्यापकांपुढे गणिताचा विषय काढला की ते सौजन्याने हसतात आणि चहा मागवतात. तरीही तो विषय आम्ही येथे काढत आहोत, कारण तो मुळात लेखनाचा, म्हणजे आपल्याच प्रांतातला आहे.

अकोल्याहून वाशीमकडे जाताना पातूर लागते. तेथील एका मराठी शाळेत गणित शिकवणारे आमचे एक स्नेही आहेत. त्यांनी चाचणीची प्रश्नपत्रिका संगणकावर स्वतः टंकली. 'क्षचा वर्ग' लिहिताना दोनाचा आकडा काही केल्या वर चढेना. तो 'क्ष२' असा ओळीतच बसून राहिला. परीक्षेत एका मुलाने उभे राहून विचारले, "सर, हा वर्ग होय का दुप्पट?" सरांनी निमूटपणे खडू उचलला आणि ते फळ्यावर लिहून दाखवले.

मुलाची शंका रास्त होती. गद्य एका ओळीत चालते; समीकरण वर, खाली आणि आतही चालते. '२ + ३/५' असे सपाट लिहिले तर उत्तर २.६ येते, २ आणि ३ दोन्ही रेघेच्या वर असतील तर उत्तर १. 'दिन' आणि 'दीन' यांतील वेलांटीसाठी गुण कापणाऱ्या आम्हा भाषाशिक्षकांना हा फरक क्षुल्लक वाटू नये.

लेखनाचे साधन बदलले की गणिताचे रूप बदलते, हे आपल्या परंपरेलाही ठाऊक आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी गणित पद्यात बांधले, कारण ते पाठ व्हायचे होते. मांडणी करताना मात्र अव्यक्तासाठी 'या', 'का', 'नी' अशी रंगनामांची व तत्सम शब्दांची आद्याक्षरे आणि ज्ञात संख्येसाठी 'रू' लिहीत; ऋण संख्येवर टिंब देत. पुढे छापखाना आला आणि अपूर्णांकांची खिळेजुळणी हे स्वतंत्र कसब ठरले. १९७७ साली डोनाल्ड क्नुथ या संगणकशास्त्रज्ञाने आपल्याच ग्रंथाची नव्या पद्धतीने जुळवलेली मुद्रिते पाहिली. ती इतकी कुरूप होती की त्याने 'टेक्' ही अक्षरजुळणीची प्रणालीच रचायला घेतली.

पातूरच्या शिक्षकाने एवढे करण्याची गरज नाही. २००७ च्या आवृत्तीपासून 'वर्ड'मध्ये ऑल्ट आणि बरोबरचे चिन्ह एकत्र दाबले की समीकरणाची चौकट उघडते. अक्षर, टोपीचे चिन्ह, आकडा आणि मग स्पेस दिली की घातांक आपोआप वर चढतो. अंश कंसात लिहून तिरपी रेघ आणि छेद दिला की अपूर्णांक उभा राहतो. त्याआधीचे जुने समीकरण-साधन सुरक्षेतील त्रुटीमुळे जानेवारी २०१८ मध्ये काढून टाकण्यात आले. त्यामुळे त्यावर शिकलेल्यांनाही नवे शिकणे भाग आहे.

खरी अडचण मराठीची आहे. युनिकोडपूर्वीच्या श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या टंकांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्याच जागी बसवलेली असत. मराठी वाक्यात रोमन चल आला की दर वेळी टंक बदला, आणि दुसऱ्या संगणकावर तो टंक नसला तर अख्खी प्रश्नपत्रिका अगम्य. युनिकोडने ते संकट टाळले. पण समीकरणाच्या चौकटीतला 'कॅम्ब्रिया मॅथ' हा टंक देवनागरीसाठी घडवलेलाच नाही. 'क्ष' तेथे पाहुणाच राहतो.

मराठी शाळांतले गणित 'सेमी इंग्रजी'कडे वळण्याची कारणे अनेक आहेत. टंकलेखन हे त्यांपैकी मुख्य आहे, असे आम्ही म्हणणार नाही. पण रात्री प्रश्नपत्रिका टंकताना थकलेला शिक्षक छेदातले वर्गमूळ गाळून सोपे उदाहरण घालतो, किंवा इंग्रजीतली तयार प्रश्नपत्रिका उचलतो. पहिल्या वेळी गणित उणावते, दुसऱ्या वेळी मराठी.

परिभाषा कोशात शब्द असणे पुरेसे नाही. ते शब्द आणि त्यांची चिन्हे एका पानावर सुखाने नांदली पाहिजेत. म्हणून आमची सूचना साधी आहे: शिक्षक-प्रशिक्षणात शुद्धलेखनाच्या तासाला लागूनच समीकरणलेखनाचा एक तास असावा, आणि देवनागरी टंक घडवणाऱ्यांनी घातांक आणि करणीचिन्हही आपल्याच वर्णमालेतले मानावे. तोवर पातूरच्या त्या मुलाला फळ्याकडे पाहावे लागेल. फळ्याबद्दल आमची तक्रार नाही. प्रश्न कागदावरच कळावा, एवढाच त्या मुलाचा हक्क आहे.