उद्या कोण टाकणार, ते आजच सांगा

2025 च्या ऑक्टोबरमध्ये सिएटलच्या बेसबॉलवेड्यांनी एक सरळ हिशेब मांडला होता. समोर डेट्रॉइट टायगर्स, बाद फेरीची मालिका पाच सामन्यांची, तीन जिंकेल तो पुढे. टायगर्सकडे टारिक स्कूबल नावाचा डावखुरा पिचर. सर्वोत्तम पिचरला मिळणारा आदल्या वर्षीचा साय यंग पुरस्कार त्याच्या नावावर. 30 सप्टेंबरला तो क्लीव्हलँडविरुद्ध टाकून मोकळा झालेला, त्यामुळे 4 तारखेच्या पहिल्या सामन्यात तो नाही. येणार तो दुसऱ्यात आणि वेळ आलीच तर पाचव्यात. म्हणजे उरलेले तीन मारायचे, स्कूबलच्या नादाला लागायचं नाही.

सिएटलजवळच्या बॉथेल गावात एका शाळेच्या स्वयंपाकघरात मी काम करते. माहेर सांगलीचं. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन कानाला ट्रान्झिस्टर लावून ऐकण्यात लहानपण गेलं, त्यामुळे खेळावर घरबसल्या मत देण्याची खोड जुनीच. आमच्या मोठ्या फ्रीजच्या दारावर तापमान लिहायचा तक्ता लटकलेला असतो. त्या आठवड्यात त्याच्या शेजारी शाळेची सफाई पाहणाऱ्या आमच्या कस्टोडियनबाबांनी दुसरा कागद चिकटवला. डाव्या बाजूला तारखा, मधे आमचा पिचर, उजवीकडे त्यांचा. कर्बी, कॅस्टिलो, गिल्बर्ट, मिलर. ब्रायन वू दुखापतीनं बाहेर, म्हणून त्याच्या नावावर काट. पाचव्या सामन्यासमोर लाल शाईत 'स्कूबल' आणि पुढे प्रश्नचिन्ह. हे बाबा सिएटल मरिनर्सचे 1977 पासूनचे म्हणजे संघाच्या जन्मापासूनचे चाहते. या संघानं वर्ल्ड सिरीज आजवर एकदाही खेळलेली नाही, तरी त्यांची उमेद शाबूत. जेवणाची सुट्टी संपली आणि भांडी सिंकमध्ये पडली, की त्या कागदापुढे आमची सभा भरायची.

ही सभा भरू शकते, कारण इथं मुख्य पिचर आधी जाहीर होतो. ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगानं शंभरेक चेंडू टाकल्यावर खांद्याला विश्रांती लागतेच. म्हणून नेहमीच्या हंगामात पाच जण पाळीपाळीनं टाकतात. 162 सामन्यांचा हा गाडा याच पाळीवर चालतो. शुक्रवारी कोण, शनिवारी कोण, हे संघ स्वतः सांगतो आणि वर्तमानपत्रं छापतात. मालिका सुरू होण्याआधीच चाहत्याला ठाऊक असतं की कोणता चेंडू कोणत्या बॅटला भिडणार आहे.

सांगलीतल्या माझ्या धाकट्या भावाला हे फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "ताई, सगळं आधीच फोडल्यावर समोरचा तयारी करून येईल ना!"

"येऊ दे की," मी म्हटलं.

आलेही. स्कूबल काय टाकतो हे सिएटलला पाठ होतं. तो इथल्याच सिएटल युनिव्हर्सिटीत शिकलेला आणि खेळलेला. दुसऱ्या सामन्यात होर्हे पोलांकोनं त्याला दोन होमरन ठोकले आणि आम्ही 3-2 नं जिंकलो. मग 10 ऑक्टोबरला पाचव्या, निर्णायक सामन्यात तोच स्कूबल, तेच बॅटर, आणि त्यानं सहा इनिंगमध्ये तेरा स्ट्राइकआउट केले. सगळं माहीत असूनही आमच्या पोरांची बॅट चेंडूला लागेना. नाव लपवून मिळतो तो फायदा किती किरकोळ असतो, याचा यापेक्षा चांगला दाखला मला सापडलेला नाही.

लपवालपवी बेसबॉलमध्येही करून झालेली आहे. 2018 मध्ये मिलवॉकी ब्रूअर्सनी लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्ध वेड मायलीला सुरुवातीला उतरवलं आणि फक्त एका बॅटरनंतर परत बोलावून दुसराच पिचर आणला. डॉजर्सनी संघ डावखुऱ्या मायलीसाठी रचलेला, त्यांना गंडवायचा हा डाव. डॉजर्स तो सामना 5-2 नं जिंकले.

आता आमच्या हिशेबाचं काय झालं ते सांगते. साफ उलटं! स्कूबल नसलेले तीन मारायचे ठरले होते, त्यातले पहिला आणि चौथा हे दोन आम्ही हरलो. स्कूबल असलेले दोन्ही जिंकलो. पाचवा तर पंधरा इनिंग चालला. स्कूबल नव्व्याण्णव चेंडू टाकून सहाव्या इनिंगनंतर थांबला तेव्हा टायगर्स 2-1 नं पुढे होते. पुढच्याच इनिंगमध्ये आम्ही बरोबरी केली. एरवी स्वतः सामना सुरू करणारे गिल्बर्ट आणि कॅस्टिलोसुद्धा मदतीला धावले. रात्री दहाच्या सुमाराला पोलांकोच्याच फटक्यावर 3-2 झालं.

मग आधीच्या एवढ्या चर्चेचा उपयोग काय, असं कुणीही विचारेल. भाकीत खरं ठरवणं हा त्या चर्चेचा हेतू मी कधी मानलाच नाही. तिचा उपयोग निर्णय जोखायला होतो.

त्याच पाचव्या सामन्यातली सहावी इनिंग घ्या. एक जण दुसऱ्या बेसवर आणि खेळायला टायगर्सचा केरी कार्पेंटर. कार्पेंटर कर्बीला झोडपतो, हे फ्रीजवरच्या कागदावर आठवडाभर आधीच लिहिलेलं. पहिल्या सामन्यातही त्यानं कर्बीला होमरन मारला होता. मॅनेजर डॅन विल्सननी कर्बीला काढून डावखुऱ्या गेब स्पायरला आणलं. कार्पेंटरनं स्पायरलाच होमरन मारला. कर्बीचं नाव काढताच सोमवारी बाबा म्हणाले, "निर्णय बरोबर होता. चेंडू चुकला." फळ वाईट आणि निर्णय चांगला, असा निवाडा एका शाळेचा सफाई कामगार करू शकतो, कारण त्याच्यापुढे सगळे कागद आधीपासून उघडे आहेत.

उलटही घडतं. पुढच्या फेरीत टोरोंटोविरुद्ध सातव्या सामन्यात आम्ही 3-1 नं पुढे होतो. सातव्या इनिंगमध्ये दोन जण बेसवर आणि जॉर्ज स्प्रिंगर खेळायला. हुकमी पिचर आंद्रेस मुन्योस बसून राहिला, एदुआर्द बझार्दो आला आणि स्प्रिंगरनं तीन धावांचा होमरन मारला. सामना 4-3 नं गेला. त्यावर सिएटल जे भडकलं, ते हरल्याच्या दुःखापेक्षा वेगळं होतं. मुन्योस मोकळा होता हे प्रत्येकाला ठाऊक होतं, म्हणून जाब विचारता आला.

आपल्याकडे क्रिकेटमध्ये काय होतं? 7 जून 2023, ओव्हल, कसोटी विश्वविजेतेपदाचा अंतिम सामना. जागतिक क्रमवारीत पहिल्या क्रमांकावरचा रविचंद्रन अश्विन संघात नाही, हे अधिकृतपणे कळलं नाणेफेकीच्या वेळी. ऑस्ट्रेलियाच्या फळीत वॉर्नर, ख्वाजा, हेड, कॅरी असे डावखुरे उभे. हेडनं 163 केल्या, भारत 209 धावांनी हरला. ढगाळ हवा आणि हिरवट खेळपट्टी पाहून चौथा वेगवान गोलंदाज घेणं कदाचित बरोबरही असेल. पण त्या निर्णयावर चाहत्यानं विचार करायचा कधी? नाणेफेक आणि पहिला चेंडू यांच्या मधल्या अर्ध्या तासात? नंतर उरते ती पोस्टमॉर्टेम, आणि तिच्यात निकाल ठाऊक असल्यानं प्रत्येक जण शहाणा असतो. आयपीएलनं तर 2023 पासून अकरा नावं नाणेफेकीनंतर द्यायची मुभा दिली, वर सामन्याच्या मधेच उतरवायचा इम्पॅक्ट प्लेअर. मग चाहत्याच्या हातात काय राहतं? नाणं आणि दव.

क्रिकेटमध्ये खेळपट्टी बदलते, बेसबॉलमध्ये नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. पण कसोटीच्या आदल्या संध्याकाळी खेळपट्टी कुणाला दिसत नाही? इंग्लंडचा संघ अलीकडे कसोटीच्या एक-दोन दिवस आधी अंतिम अकरा जाहीर करतो. त्यापायी त्यांच्यावर आकाश कोसळलेलं नाही.

भारतीय बोर्डानं घरच्या कसोट्यांपासून सुरुवात करावी. आदल्या दिवशी संध्याकाळी अकरा नावं, आणि एखादा गोलंदाज वगळला असेल तर कारण दोन वाक्यांत. रात्रीतून कुणाला दुखापत झाली तर बदलाची सवलत ठेवा. वानखेडेवर चौथ्या दिवशी चेंडू वळायला लागेल तेव्हा तिसरा फिरकी गोलंदाज का नव्हता, हा प्रश्न दादर-परळच्या लोकलमध्ये पहिल्या दिवसाआधीच विचारला गेला पाहिजे. तिकिटाचे पैसे आधी घेता, तर नावंही आधी द्या.