कफनाची सनद

मागच्या महिन्यात जुमाच्या नमाजनंतर घरी आलो तर धाकटी मुलगी मोबाईल घेऊन दारातच उभी. "अब्बू, हे बघा. ईसा अलैहिस्सलामचं म्हणून जे कफन दाखवतात ना, ते खोटं निघालं. विज्ञानानंच सिद्ध केलं!"

चित्रफीत दीड-दोन मिनिटांची होती. शेवटी ठळक अक्षरांत ख्रिस्ती लोकांची टिंगल करणारे एक वाक्य. मी विचारले, "कुणाकुणाला पाठवलंस?"

"कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं."

त्या ग्रुपवर तिची वसईची एक ख्रिस्ती मैत्रीण आहे. रमजानमध्ये आमच्याकडे इफ्तारला येऊन गेलेली. "ती काय म्हणाली?" या प्रश्नावर मुलीने मान खाली घातली. "काहीच नाही. कालपासून बोलतच नाही."

वाचक बंधू-भगिनींनो, या महिन्याचे पान म्हणूनच त्या कफनाविषयी लिहितो आहे. अशी चित्रफीत तुमच्याही मोबाईलवर आली असेल, किंवा उद्या येईल.

इटलीतील तुरीन शहराच्या मुख्य चर्चमध्ये हे कापड जपून ठेवलेले आहे. तागाच्या धाग्यांचे, सुमारे ४.४ मीटर लांब आणि १.१ मीटर रुंद. त्यावर एका दाढीधारी पुरुषाची पुढची आणि मागची अशा दोन फिकट आकृत्या आहेत. मनगट, पाय, कूस या ठिकाणी रक्तासारखे डाग आहेत. आपल्याकडे पुरुषाच्या कफनाची तीन कापडे असतात. येथे एकच लांब पट्टा अंगाखालून घेऊन डोक्यावरून पुढे पायापर्यंत आणलेला दिसतो. क्रुसावरून उतरविल्यावर येशूला याच कापडात गुंडाळले, अशी अनेक ख्रिस्ती भाविकांची श्रद्धा आहे.

आपल्या मुहद्दिसांनी हदीस तपासताना पहिला प्रश्न कोणता विचारला? ही गोष्ट तू कुणाकडून ऐकलीस, त्याने कुणाकडून ऐकली? म्हणजेच सनद. साखळीतला एक रावी गायब असला तरी ते थांबत. हाच प्रश्न या कापडाला विचारून पाहू.

आज ते पोपच्या मालकीचे आहे. १९८३ मध्ये इटलीचे शेवटचे राजे उंबेर्तो दुसरे यांच्या मृत्युपत्राने ते पोपकडे आले. त्याआधी सुमारे सव्वापाचशे वर्षे ते सॅव्हॉय घराण्याकडे होते. १५३२ मध्ये शांबेरी येथे लागलेल्या आगीत ते होरपळले, जोगिणींनी त्याला ठिगळे लावली आणि १५७८ मध्ये ते तुरीनला आणले गेले. सॅव्हॉय घराण्याला ते १४५३ मध्ये मार्गरेट द शार्नी या फ्रेंच महिलेकडून मिळाले. तिचे आजोबा जोफ्रुआ द शार्नी हे सरदार होते. त्यांनी बांधलेल्या लिरे गावच्या चर्चमध्ये साधारण १३५५ च्या सुमारास हे कापड प्रथम दिसते. येथे साखळी तुटते. त्याच्यामागच्या तेराशे वर्षांत हेच कापड कुठे होते, हे सांगणारा एकही निर्विवाद कागद नाही.

उलट साक्ष मात्र आहे. १३८९ मध्ये त्र्वा येथील बिशप पिएर दार्सी यांनी पोपपदावरील सातवे क्लेमेंट यांच्यासाठी निवेदन लिहिले. आपल्या पूर्वीच्या बिशपांनी या कापडाची चौकशी केली होती आणि ते रंगविणाऱ्याने तशी कबुलीही दिली होती, असे त्यात म्हटले आहे. क्लेमेंट यांनी कापड दाखवायला मनाई केली नाही. मात्र ही मूळ वस्तू नसून तिचे प्रतिरूप आहे, हे लोकांना सांगण्याची अट घातली. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. १९०० मध्ये जुनी कागदपत्रे छापून या कापडावर प्रश्नचिन्ह लावणारे उलीस शेव्हालिए हे स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. म्हणजे हे 'सत्य' बाहेरच्या कुणी शोधून त्यांच्या तोंडावर फेकलेले नाही. त्यांच्यातल्याच प्रामाणिक माणसांनी ते आधी मांडले.

आता विज्ञानाकडे येऊ. १८९८ मध्ये सेकोंदो पिया यांनी कापडाचे छायाचित्र घेतले. काचेवरच्या निगेटिव्हमध्ये चेहरा अगदी स्पष्ट उमटला आणि जगभर कुतूहल जागे झाले. १९७८ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांच्या पथकाने पाच दिवस कापड तपासले. आकृती रंगाने काढलेली नाही, असे त्यांचे मत पडले. वॉल्टर मॅक्रोन यांना मात्र सूक्ष्मदर्शकाखाली गेरू आणि हिंगुळाचे कण दिसले, आणि ते चित्रच आहे असे त्यांनी ठामपणे मांडले. आकृती नेमकी कशी उमटली, याचा सर्वांना मान्य असा उलगडा आजही झालेला नाही.

वयाची चाचणी १९८८ मध्ये झाली. वनस्पती जिवंत असताना हवेतून कार्बन घेते. त्यातला किरणोत्सारी कार्बन ती मेल्यावर ठरावीक गतीने घटत जातो. किती उरला ते मोजले की वय कळते. कापडाच्या एका कोपऱ्यातून तुकडा कापून ऑक्सफर्ड, झुरिच आणि अॅरिझोना येथील तीन प्रयोगशाळांना दिला गेला. सोबत वय माहीत असलेली इतर जुनी कापडेही दिली होती. उत्तर आले, इ. स. १२६० ते १३९०. कागदपत्रे बोट दाखवतात तोच काळ. हा निकाल जाहीर केला तो तुरीनचे आर्चबिशप कार्डिनल बालेस्त्रेरो यांनी.

चित्रफीत येथेच संपते. वाद संपलेला नाही. तुकडा एकाच कोपऱ्यातला होता आणि तो भाग पुढे रफू केलेला असावा, असे रेमंड रॉजर्स या रसायनशास्त्रज्ञाने २००५ मध्ये लिहिले. मूळ आकडे एकमेकांशी नीट जुळत नाहीत, अशी टीका २०१९ मध्ये झाली. २०२२ मध्ये इटलीतील संशोधकांनी क्ष-किरणांच्या पद्धतीने कापड दोन हजार वर्षांचे असू शकते असे म्हटले, पण ते ठराविक तापमानात राहिले असेल तरच. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, सोळाव्या शतकातल्या रफूमुळे एवढा फरक पडायचा तर नमुन्यात निम्म्याहून अधिक धागे नवे असावे लागतील, आणि हे विणकामाच्या जाणकारांच्या नजरेतून सुटणे अवघड आहे. माझ्या समजुतीप्रमाणे पुराव्याचे पारडे चौदाव्या शतकाकडेच झुकते. पण 'पारडे झुकते' आणि 'खोटे सिद्ध झाले, हसा त्यांना' या दोन वाक्यांत फार अंतर आहे.

कॅथलिक चर्चने हे कापड अस्सल आहे असा अधिकृत निर्णय दिलेला नाही, हेही चित्रफीत सांगत नाही. १९९८ मध्ये तुरीनला आलेल्या पोप जॉन पॉल दुसरे यांनी हा प्रश्न शास्त्रज्ञांवर सोपविला होता.

मग आपला यात काय संबंध? हजरत ईसा (अ.) यांना ठार करण्यात आले नाही आणि सुळावरही चढविण्यात आले नाही, हे सूरह अन्-निसामध्ये आले आहे. आपला ईमान त्या वचनावर आहे, तुरीनच्या कापडावर नाही. कापड चौदाव्या शतकातले ठरले म्हणून तो वाढत नाही. उद्या पहिल्या शतकातले ठरले तरी तो कमी होण्याचे कारण नाही. कारण ते कुणाचे कफन होते, हे कोणतेही यंत्र सांगू शकणार नाही. दुसऱ्या काही चित्रफितींत याच कापडावरच्या डागांवरून 'ते जिवंत होते' असे सिद्ध केलेले असते. खोटे म्हणून हसायचे तेही हेच कापड आणि पुरावा म्हणून मिरवायचे तेही हेच! असा दुटप्पी न्याय आपल्याला शोभत नाही.

स्वतःच्या घराकडेही पाहावे. १९६३ च्या डिसेंबरात श्रीनगरच्या हजरतबलमधून मू-ए-मुबारक नाहीसा झाला तेव्हा कडाक्याच्या थंडीत सारे काश्मीर रस्त्यावर आले होते. परत मिळाल्यावर तो तोच आहे, अशी ओळख बुजुर्गांनी पटविली तेव्हाच लोकांचा जीव खाली पडला. त्या वेळी कुणी परक्याने हसून "आधी प्रयोगशाळेत पाठवा" म्हटले असते तर आपल्याला कसे वाटले असते? आणि हजरत उमर (रजि.) यांनी काळ्या दगडाला उद्देशून काय म्हटले तेही आठवावे. तू दगड आहेस, नफा-नुकसान तुझ्या हाती नाही, प्रेषितांनी (स.) तुझे चुंबन घेतलेले पाहिले म्हणून मीही घेतो, असा त्याचा आशय. वस्तूविषयी आदर आणि वस्तूविषयी भान, दोन्ही एकाच वेळी बाळगता येतात.

मुलीला मी रागावलो नाही. सूरह अल्-हुजुरातमधील दोन गोष्टी तिच्यासमोर ठेवल्या. बातमी आली तर आधी तहकीक करा, आणि कोणत्याही समूहाने दुसऱ्या समूहाची थट्टा करू नये. दोन्ही आज्ञा एकाच सूरहमध्ये आहेत, अवघ्या काही आयतींच्या अंतराने. ती बराच वेळ गप्प बसली. मग ग्रुपवरची चित्रफीत काढून टाकली, 'मी न तपासता पाठवलं, माझं चुकलं' असे सर्वांसमोर लिहिले आणि मैत्रिणीला वेगळा निरोप पाठविला.

उत्तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. मुलीने ते मला वाचून दाखविले. "त्या कापडावरच्या चेहऱ्याचा फोटो माझ्या आजीच्या पलंगाशेजारी असतो. ते किती वर्षांचं आहे, यावर आमच्या घरातही वाद होतात, त्याचं काही नाही. पण तू हसण्याचं चिन्ह टाकलं होतंस, त्याचं वाईट वाटलं."

वाचकहो, कफनाचे वय मोजायला तीन प्रयोगशाळा लागल्या. एक हसरे चिन्ह किती जखम करते, हे मोजायला आपले स्वतःचे मन पुरेसे आहे. पुढच्या वेळी अशी चित्रफीत आली तर घरातल्या मुलांना जवळ बसवा. तिची सनद विचारा. ती कुठवर पोहोचते ते बघा. आणि बोट पुढे पाठविण्याच्या खुणेवर जाण्याआधी, ती कुणाकुणाच्या घरात जाऊन पडणार आहे, याचा एकदा विचार करा.